फरक राहू द्या: एका कॅशियरताईंचं नैराश्य आणि सजगतेचे आठ आठवडे

आधी एक खुलासा. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. माझ्या कामात भेटलेल्या दोघीतिघींचे अनुभव इथं एकीच्या नावावर मांडलेत, त्यामुळे त्यांचे आकडेही नमुना म्हणूनच वाचावेत. त्यांना मी इथंही नुसतं ‘ताई’ म्हणणार आहे, समोर असताना म्हणायचे तसंच.

ताई माझ्याकडे आल्या त्या छातीत धडधडतं म्हणून. वय ४४, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत एकोणीस वर्षं कॅशवर. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं करून घेतलं होतं. रक्त थोडं कमी, बाकी ठीक. फायलीत रिपोर्ट तारखेनुसार लावलेले आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं बारीक टिक. मी फाइल चाळत होते तेव्हा त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या, एखादं पान मागेपुढे होतंय का म्हणून.

धडधडीच्या मागे बाकीचं होतंच. पहाटे तीनला जाग, मग झोप नाही. डबा तसाच परत. मुलगी बारावीला, तिच्याशी अभ्यासापलीकडं बोलणं नाही. ‘काही वाईट झालेलं नाही हो मॅडम, तेच तर कळत नाही,’ हे त्या पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा म्हणाल्या. नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ भरून घेतली: २७ पैकी १९ (गुण जास्त म्हणजे त्रास जास्त). चिंतेची जीएडी-७: २१ पैकी १५. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथं त्यांनी ‘काही दिवस’वर खूण केली आणि पटकन कागद उलटा ठेवला. तो कागद मी पुन्हा सुलटा केला आणि आम्ही त्यावर सावकाश बोललो. काही करायचा बेत नव्हता, ‘झोपेतच गेलं तर बरं’ एवढंच होतं. तरी त्याच दिवशी यजमानांना आत बोलावलं आणि पर्समध्ये ठेवायला एक कार्ड लिहून दिलं: कोणाला फोन करायचा, कोणत्या क्रमानं, आणि कोणीच उचलला नाही तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. हे आधी करावं लागतं. सजगता, म्हणजे माइंडफुलनेस, आत्ता जे जाणवतंय त्याकडं बरंवाईट न ठरवता लक्ष देणं, वगैरे नंतर.

खोदून विचारल्यावर इतिहास बाहेर आला. नैराश्याचा पहिला झटका बाविसाव्या वर्षी, लग्नानंतर सहा महिन्यांत. घरच्यांनी बाहेरचं समजून देवऋष्याकडं नेलं आणि पाचेक महिन्यांत तो आपोआप उतरला. दुसरा २९ व्या वर्षी, धाकट्याच्या जन्मानंतर. गोळ्या सुरू झाल्या, चार महिन्यांत बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद केल्या. तिसरा चार वर्षांपूर्वी. त्याचं कारण ताईंनी फार बारकाईनं सांगितलं. एका संध्याकाळी रोकड अठरा हजारांनी कमी भरली. रात्री साडेनऊपर्यंत शोधाशोध, सगळ्यांच्या नजरा. तिसऱ्या दिवशी एक व्हाउचर चुकीच्या खात्यावर पडलेलं सापडलं. ताईंचा काही दोष नव्हता. पण त्यानंतर महिनाभरानं त्या अंथरुणातून उठेनात. या वेळी एक वर्ष गोळी घेतली. आता हा चौथा झटका.

हे अंक महत्त्वाचे आहेत. नैराश्य एकदा येऊन गेलेल्या साधारण निम्म्या लोकांना ते पुन्हा येतं, आणि प्रत्येक झटक्यागणिक पुढच्याची शक्यता वाढते. शिवाय पहिल्यांदा ते यायला बहुतेकदा आयुष्यात काहीतरी मोठं घडावं लागतं, पुढं पुढं किरकोळ निमित्त पुरतं. तिसऱ्या वेळी अठरा हजार लागले, चौथ्या वेळी काहीच लागलं नाही.

*

ताई सजगतेबद्दल ऐकूनच आल्या होत्या. त्यांच्या नणंदेनं मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं होतं. मी मात्र तेव्हा सुरू करायला नकार दिला. १९ गुणांवर असलेल्या माणसाला डोळे मिटवून अर्धा तास बसवलं की तो अर्धा तास तेच तेच विचार घोळवत रवंथ करतो. गुरं करतात तो बरा, त्यातून निदान पचतं. सजगतेवर आधारित बोधात्मक उपचार, म्हणजे सजगता आणि विचारांच्या सवयींवरचं काम एकत्र करणारा आठ आठवड्यांचा वर्ग, मुळात चालू झटक्यासाठी घडवलेलाच नव्हता. झटक्यातून बाहेर आलेल्यांना तो पुन्हा येऊ नये, यासाठी तो होता. पुढं चालू नैराश्यातही तो वापरला गेला आणि काही फायदा दिसला, पण माझा कल अजून जुन्याच क्रमाकडं आहे.

मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅमवर सुरू केलं आणि पुढं १०० वर नेलं. माझ्याकडची कामं साधी होती. उठायची वेळ ठरवणं, डबा कॅश केबिनमध्ये न खाता मागच्या खोलीत कोणासोबत तरी खाणं, संध्याकाळी एक थांबा आधी उतरून चालत घरी जाणं. अकरा आठवड्यांनी पीएचक्यू ९ वर, जीएडी ११ वर. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न आला: ‘गोळ्या बंद कधी?’

या प्रश्नाला मी आकड्यांत उत्तर दिलं, कारण ताईंना आकडे कळतात. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी हा उपचार घडवला. त्यांनी टोरंटो, वेल्समधलं बँगर आणि केंब्रिज इथं १४५ जणांवर केलेली त्याची पहिली चाचणी २००० साली छापून आली. तीन किंवा जास्त झटके येऊन गेलेल्यांत, नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा झटका आला. आठ आठवड्यांचा वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. दोनच झटके आलेल्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. ताई चार झटकेवाल्या, म्हणजे ज्यांना उपयोग व्हावा अशातल्या. ब्रिटनमध्ये २००४ पासून तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांसाठी याची शिफारसही झाली. दुसरा आकडा २०१५ चा: ४२४ जण, अर्ध्यांनी वर्ग करून गोळ्या हळूहळू कमी केल्या, अर्ध्यांनी गोळ्या चालू ठेवल्या. दोन वर्षांत पहिल्या गटात ४४ टक्क्यांना पुन्हा झटका, दुसऱ्यात ४७.

ताईंनी लगेच वजाबाकी केली. ‘तीनच टक्के? म्हणजे सारखंच की.’

अगदी बरोबर. गोळ्यांपेक्षा सरस ठरलं नाही. पण ज्याला गोळी नको किंवा सोसत नाही, त्याच्यापुढं दुसरी एक वाट निघाली. ‘आणि ४४ म्हणजे जवळपास निम्म्यांना येतोच,’ हेही मीच सांगितलं. असं सांगितलं की लोक नाउमेद होतात अशी भीती आम्हा लोकांना वाटते. ताई उलट थोड्या सैल झाल्या. ‘शंभर टक्के बरं होतंय म्हणाला असता तर मी उठून गेले असते.’ ठरलं असं की वर्ग करायचा, गोळी चालू ठेवायची, आणि ती कमी करण्याचं वर्षभरानं डॉक्टरांशी बोलायचं.

एक अडचण राहिली. ‘ध्यान मी करून बघितलंय,’ त्या म्हणाल्या. दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेल्या होत्या, तिसऱ्या झटक्यानंतर सहा महिन्यांनी. चौथ्या दिवशी परत आल्या. ‘सगळे बसले होते, मलाच जमलं नाही.’ इगतपुरीच्या धम्मगिरीमुळं महाराष्ट्रात विपश्यना माहीत नाही असं घर कमी, आणि त्या शिबिरांनी बरं वाटलेली माणसंही मी पाहिली आहेत. पण दिवसाला दहा तास मौनात बसणं आणि आठवड्यातून एकदा दोन तास एकत्र येऊन ‘घरी काय झालं’ ते बोलणं, ही वेगवेगळ्या प्रकृतीची कामं आहेत. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या इस्पितळात दीर्घ वेदनांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा मूळ ताणनिवारण वर्ग बांधला, तो बौद्ध साधनेतलंच सार घेऊन. पण दवाखान्याच्या चौकटीत, लहान मात्रेत, आणि प्रत्येक सरावानंतर विचारपूस करून. त्या विचारपुशीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. नुसत्या बसण्यानं ताईंचं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

*

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी गट सुरू झाला. नऊ माणसं, त्यांत सात बायका. दहा ते बारा. हॉल पहिल्या मजल्यावर आणि खाली पिठाची गिरणी. रविवारी गिरणीला दम नसतो. पहिल्याच दिवशी मी आवाजाबद्दल माफी मागितली. नंतर त्या गिरणीनं माझ्यापेक्षा जास्त काम केलं.

पहिल्या वर्गात एक मनुका दहा मिनिटं लावून खायचा, अशी या पद्धतीची जगभरची सुरुवात आहे. इकडं तासगावचा बेदाणा सोडून दुसरं काय वाटणार? प्रत्येकाच्या तळहातावर दिले, म्हटलं, पहिल्यांदाच बघताय असं बघा. गटातले एक द्राक्षबागायतदार काका ताबडतोब म्हणाले, ‘दोन नंबरचा माल आहे मॅडम. रंग उतरलाय.’ सगळे हसले. पण मन काय करतं ते दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं. बेदाणा जिभेवर जायच्या आत त्याची प्रत लागलेली होती. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘तुम्ही सगळ्यांना तीन दिलेत. डावीकडच्या वहिनींना चार गेलेत.’ आपल्या तीनपैकी एकाचीही चव त्यांना सांगता आली नाही.

दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. शरीरफेरी चालू होती. सतरंजीवर पडून, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागावर लक्ष नेत जायचं. मी पोटावर आणि मग श्वासावर आले, तेव्हा ताईंची छाती वरखाली होताना दिसली. मी माझ्या ठरलेल्या आवाजात म्हटलं, ‘जे जाणवतंय त्यासोबत थोडं तिथंच राहा.’ अर्ध्या मिनिटात त्या उठून बसल्या, घामानं डबडबलेल्या, आणि बाहेर जिन्यात गेल्या. ज्या बाईची तक्रारच छातीतली धडधड आहे, तिला मी डोळे मिटवून छातीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ती धडधड ऐकत बसली, ऐकल्यानं वाढली, वाढल्यानं आणखी ऐकली. पुस्तकात हा धोका लिहिलेला आहे, मीही वाचलेला आहे. आधीच्या मुलाखतीत मी झटके मोजले, औषधं मोजली, पण ‘श्वासाकडं लक्ष गेलं की काय होतं’ एवढं विचारलं नव्हतं.

जिन्यात त्यांच्याशेजारी बसले. ‘इथंही मलाच जमलं नाही,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं की हे माझं चुकलं, आणि पायातली चप्पल काढायला सांगितली. खाली शहाबादी फरशी, गार. आणि गिरणी चालू असल्यामुळं ती फरशी बारीक थरथरत होती. ‘काय जाणवतंय?’

‘गार आहे.’ मग थोड्या वेळानं, ‘हलतंय. गिरणीचं आहे.’

‘कुठल्या पायाला जास्त?’

‘डाव्या टाचेला.’ आणि श्वास आपोआप खाली आला होता.

त्या दिवसापासून ताईंचा खुंटा श्वास नव्हता, पाय होता. डोळे उघडे, नजर जमिनीवर. पडून करायचं नाही, बसून करायचं. सरावाची वेळ पाच मिनिटांपासून. हे बदल कोणालाही करता येतात आणि करावेत. ‘श्वासावर लक्ष ठेवा’ हा काही मंत्र नाही. मन दोन क्षण टेकेल अशी एखादी साधी, चालू असलेली, निरुपद्रवी जागा पाहिजे, मग ती तळवा असो की रस्त्यावरचा आवाज.

घरी सराव करायचा हे बोलायला सोपं. मूळ वर्गात रोज ४५ मिनिटांचा गृहपाठ असतो. तो बहुतेक कोणातरी अशा माणसासाठी ठरवला गेला असावा, ज्याच्या घरी दुसरा कोणीतरी चहा ठेवतो. ताई पहाटे पावणेसहाला गच्चीवर वीस मिनिटं बसू लागल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाई जिन्यातून वर आल्या. ‘डोळं उघडं ठेवून अशी काय बसलीयस? बरं नाही का?’ ताईंनी खाली येऊन कणीक मळायला घेतली. मग आम्ही असं ठरवलं की गच्चीवर दहा मिनिटं आणि कणीक मळताना दहा. कणीक मळताना कोणी हटकत नाही.

*

चौथ्या रविवारी ताईंनी एक वही आणली. सरावाची नोंद ठेवा असं मी सगळ्यांना सांगितलंच होतं. बाकीच्यांनी चिठोऱ्यांवर काहीबाही लिहिलेलं. ताईंची वही म्हणजे किर्द होती. लाल रेघ मारून दोन बाजू केलेल्या. डावीकडं जमा: ‘शांत वाटलं, ४ मिनिटं.’ उजवीकडं नावे: ‘विचार आले, १३ मिनिटं. चिडचिड, १ वेळ.’ खाली दहापैकी गुण, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: ‘फरक’. एकवीस दिवसांत फरक एकदाही शून्य नव्हता.

‘ताई, हा फरक कशाचा?’

‘जेवढं शांत वाटायला पाहिजे, त्यातून जेवढं वाटलं ते वजा.’

‘तो निघाला की काय करता?’

‘शोधते. का नाही वाटलं ते.’

‘सापडतो?’

‘नाही ना. मग तीनला जाग येते.’

‘आणि कॅशचा फरक?’

‘तो सापडतोच मॅडम. नोट कुठं जाणार?’

त्यावर त्या स्वतःच थांबल्या. गटही गप्प. खाली गिरणी तेवढी चालू होती.

सेगल, विल्यम्स आणि टीझडेल यांच्या मांडणीचा गाभा हाच आहे, आणि इतक्या स्वच्छ शब्दांत तो मला कधी सांगता आला नव्हता. मनाची एक रीत तफावतीवर चालते: काय आहे, काय असायला हवं, दोहोंत किती अंतर, आणि ते कसं मिटवायचं. स्वयंपाक, प्रवास, हिशोब, सगळं या रीतीवर होतं. रोकड याच रीतीनं जुळते. गडबड तेव्हा होते, जेव्हा हीच रीत स्वतःच्या मनःस्थितीवर लावली जाते. ‘मी अशी उदास का? अशी नसायला हवी. कालपेक्षा जास्त आहे की कमी?’ प्रत्येक तपासणीनं उदासी थोडी वाढते, मग तफावत वाढते, मग आणखी तपासणी. नोटेसारखी उदासी कुठल्या खात्यावर चुकून पडलेली नसते. पण एकोणीस वर्षं जिचा फरक दर संध्याकाळी सापडला, तिनं शोध सोडायचा कसा? चांगली कॅशियर असणं हाच ताईंचा धोका होता.

या रवंथाचा उदासीशी किती घट्ट संबंध आहे हे मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सिमा यांनी एका योगायोगानं दाखवलं. १९८९ साली कॅलिफोर्नियात भूकंप झाला, त्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि विचार करण्याची सवय मोजून ठेवली होती. आपल्या उदासीभोवती घोटाळत राहण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, ते भूकंपानंतर सात आठवड्यांनीही जास्त खिन्न होते.

वही फाडायची नाही, असं ठरलं. नोंद ठेवणं ही ताईंची ताकद आहे, ती काढून घेण्यात अर्थ नव्हता. फक्त शेवटचा रकाना बंद. जमा-नावे ऐवजी ‘अंगात काय झालं’ आणि ‘मन काय म्हणालं’. बेरीज नाही. पुढच्या रविवारी वही उघडून दाखवली, तर पहिल्या तीन दिवसांत फरकाचा रकाना आखून खोडलेला होता. चौथ्या दिवसापासून आखलेलाच नव्हता.

पाचव्या आठवड्यात गुण वर गेले. पीएचक्यू १२. एक तर मार्चअखेर तोंडावर, वसुलीचा धोशा, सुट्टीच्या दिवशीही काम. वर्गाचं वेळापत्रक आखताना हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, नऊपैकी चौघं बँक-पतसंस्थांतली होती. आणि दुसरं म्हणजे पाचवा आठवडा नकोसं ते मुद्दाम मनात आणून, अंगात ते कुठं बसतं हे बघण्याचा. या टप्प्यावर काहींचं बिघडल्यासारखं होतं. नववा प्रश्न पुन्हा विचारला, खूण ‘अजिबात नाही’वर होती. म्हणून पुढं गेलो. तसं नसतं तर थांबलो असतो.

त्याच आठवड्यात पिग्मी एजंटचा भरणा घेताना पाचशेचा फरक आला. ताईंनी पुढं जे सांगितलं ते जसंच्या तसं देते, कारण अडचणीच्या क्षणी करायचा तीन मिनिटांचा सराव म्हणजे काय हे यातून कळतं. ‘मशीन नोटा मोजत होतं. माझे हात गार पडले, दात आवळले गेले. आधी पाय जमिनीला टेकवले. चप्पल काढली टेबलाखाली. मग मन काय म्हणतंय बघितलं. ते म्हणत होतं, तूच केलंस, सगळे बघतायत. मी म्हटलं, हा पाचशेचा विचार नाही. हा अठरा हजारांचा विचार आहे.’

बाहेर पाच माणसं रांगेत होती, त्यामुळं तीन मिनिटं कसली, मिनिटभरच. पुन्हा मोजलं, फरक तसाच राहिला, चिठ्ठी लावली, साहेबांना सांगितलं, घरी गेल्या. सकाळी एजंटनं त्याच्याच पिशवीच्या कप्प्यातून पाचशेची नोट आणून दिली. मला त्या नोटेत रस नव्हता. मी विचारलं, रात्री? ‘झोपले. तीनला जाग आली. पाय गोधडीला घासत पडले. परत कधी लागली कळलं नाही.’

धडधड गेली नव्हती हे लक्षात घ्या. ती आली, आणि ताईंनी तिच्या मागे जाऊन कारण शोधलं नाही.

सहाव्याचं फार सांगत नाही. ओळखीचं कोणी रस्त्यात न बोलता गेलं तर मनात काय येतं यावर गटात तासभर हशा झाला. द्राक्षबागायतदार काकांना त्या व्यक्तीनं आपल्याकडून घेतलेले उसने पैसेच आठवले. सातव्यात प्रत्येकानं आपापली धोक्याची चिन्हं लिहिली. ताईंची: डबा परत येणं, कॅश दोनदा पुरे असताना चारदा मोजणं, माहेरचा फोन न उचलणं. यजमानांना विचारून या, असं मी मुद्दाम सांगितलं होतं. त्यांनी असं चिन्ह सांगितलं जे ताईंना ठाऊकच नव्हतं: ‘ही बिघडायला लागली की भाजीत मीठ बरोबर आहे का म्हणून एकाच जेवणात तीनदा विचारते.’ आठव्या वर्गाला ताई नव्हत्या. मार्चचा शेवटचा रविवार, पतसंस्था उघडी. तो वर्ग आम्ही दोघींनी एप्रिलमध्ये अर्ध्या तासात उरकला.

*

मेमध्ये पीएचक्यू ६, जीएडी ८. हे आकडे मी जपून वापरते. गोळी चालू होती, मार्च संपला होता, मुलीची परीक्षा झाली होती, आणि एका माणसावरून काय कशानं झालं हे ठरवता येत नाही. चिंतेच्या बाजूनं मोठा पुरावा आहे: अमेरिकेत २७६ जणांवर केलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आठ आठवड्यांचा ताणनिवारण वर्ग एस्सिटॅलोप्रॅम या गोळीच्या तुलनेत कमी पडला नाही. पण त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांचा अभ्यासही आला. सगळ्या वर्गाला सरसकट सजगता शिकवून मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही फरक पडला नाही. आमच्या भागातल्या शाळा मला प्रार्थनेनंतर ‘पाच मिनिटं माइंडफुलनेस’ घ्यायला बोलावतात तेव्हा मी हे सांगते, आणि पुन्हा बोलावणं येत नाही.

नोव्हेंबरात सासूबाई आजारी पडल्या, पंधरा दिवस दवाखाना. यजमानांचा फोन आला: ‘मॅडम, मिठाचं सुरू झालंय.’ ताईंना आधी कळलं नव्हतं, यजमानांना कळलं. पीएचक्यू १३. डॉक्टरांनी गोळी कमी करायचा विचार पुढं ढकलला, मी तीन आठवडे दर शनिवारी बोलावलं, आणि इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर बसून पाय टेकवण्यापलीकडं सरावाचं काही बोललो नाही. जानेवारीत गुण ७. पूर्ण झटका आला नाही. येणारच नव्हता की अडला, हे मला सांगता येत नाही.

परवा वर्षाच्या भेटीला आल्या. वही आणली होती, पण तीन-चार दिवसांआड एखादी ओळ. जाताना सहज म्हणाल्या की मागच्या आठवड्यात रोकड दहा रुपयांनी जास्त भरली. सात वाजत आले होते. पूर्वी दहा रुपयांसाठी नऊ वाजवले असते. ‘सस्पेन्सला, म्हणजे हिशोब न लागलेल्या रकमेच्या खात्याला टाकले आणि सातची गाडी धरली.’

‘चैन पडली?’

‘नाही. गाडीत बसूनही तेच चाललं होतं डोक्यात. चालू दिलं.’

गोळी आता ५० वर आहे. पुढची भेट गणपतीनंतर ठरली आहे, त्यांनी ती माझ्यासमोर डायरीत लिहिली आणि टिक करायला पेन्सिल शोधू लागल्या.